भांड्यांचा आवाज

आईचे सोमवार, संकष्टी आणि माझ्या ऑफिसातल्या मीटिंगा वगळल्यावर फेब्रुवारीत जेमतेम दोन तारखा उरत होत्या. त्यांतली एक धरून मी जपानात, इझू द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरच्या इनातोरीला खोली घेतली. सोमवार-संकष्टीची अडचण अशी, की त्या दिवशी आई मासे खात नाही. आणि समुद्रकाठच्या जपानी घरी जाऊन मासे नकोत म्हटलं तर भात आणि लोणचं एवढंच उरतं. तिथल्या साध्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारातसुद्धा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.

"हॉटेल आहे का?" आईनं विचारलं.

"हॉटेल नाही गं. एका कुटुंबाचं घर आहे. सहा खोल्या पाहुण्यांना देतात. रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, आणि खाली गरम पाण्याचं कुंड."

"मग आपल्यासारखंच की," ती म्हणाली. तिचा उत्साह जरा उतरल्यासारखा मला वाटला. लगेच पुढचा प्रश्न आला, "किती घेतात?"

"नंतर सांगते."

तोक्योत माझ्याकडे आल्यापासून ती प्रत्येक गोष्टीचे रुपये करत होती. एक सफरचंद शंभर रुपयांना, हे कळल्यापासून तिनं सफरचंद खाणं सोडलं होतं. त्यामुळे मुक्कामाचा आकडा मी परत येईपर्यंत तोंडातच ठेवायचा असं ठरवलं होतं.

आमचं घर दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावात आहे. रस्त्यावरून आत वळताना पत्र्याची पाटी दिसते : 'घरगुती जेवण व राहण्याची उत्तम सोय'. कोकणात ही पाटी इतकी सगळीकडे आहे की ती रंगवणारा एकच माणूस असावा. चार खोल्या, मागे माड-पोफळीची वाडी, पुढे मांडव. गेली सतरा वर्षं आई हे चालवते. बाबा फोन घेतात, बाजार आणतात, पाहुण्यांशी गप्पा मारतात. बाकी सगळं म्हणजे आई. बाबा जपानला आले नाहीत, कारण दोघांपैकी एकानं तरी घरी पाहिजेच. अशा घरातली माणसं एकत्र प्रवास करत नाहीत.

जपानीत अशा घराला मिनशुकु म्हणतात. 'मिन' म्हणजे लोक, सामान्य माणसं. 'शुकु' म्हणजे मुक्काम. थाटमाटाचं जे असतं ते र्योकान. परदेशी मासिकांतून जे फोटो छापून येतात ते बहुतेक र्योकानांचे. इशिकावातलं होशी हे र्योकान तर ७१८ साली सुरू झालं आणि ४६ पिढ्या एकाच घराण्यानं चालवलं, असं सांगतात. मिनशुकुला अशी वंशावळ नसते. कुणी कोळ्यानं घराला वरचा मजला चढवला, नवरा होडीवर आणि बायको चुलीपाशी, अशी त्यांची सुरुवात.

तोक्योहून ओदोरिको नावाची गाडी सव्वादोन तासांत इनातोरीला पोचवते. ओदावारानंतर डावीकडे समुद्र दिसायला लागतो, इतोच्या पुढे रुळांची मालकी बदलते आणि बोगदे सुरू होतात. हा पुढचा मार्ग १९६१ साली झाला. त्याआधी इनातोरीला यायचं तर बोट, नाहीतर डोंगरातली वळणं. कातासे-शिराता स्टेशन सुटल्यावर गाडी अगदी पाण्याच्या कडेनं जाते. आई खिडकीला नाक लावून बसली होती.

"पाणी फार निळं आहे गं. आपल्याकडे कसा मातीचा हात लागलेला असतो."

समोर क्षितिजावर इझू ओशिमा बेट होतं. पसरट, मधे उंचावलेलं, परातीत उपड्या घातलेल्या भाताच्या मुदीसारखं.

स्टेशनावर घरधनी छोटी व्हॅन घेऊन आले होते. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, आईनं हात जोडले, त्यांनी परत वाकून केला, आईनं परत हात जोडले. हे कुठे थांबवायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी मी बॅगा गाडीत टाकायला लागले.

घराच्या दाराशी जोडे काढून ठेवायचे हे आईला फार पटलं. आम्ही आत वळून दोन पावलं गेलो नाही तोच कुणीतरी आमचे जोडे उचलून, टोकं दाराकडे करून, नीट लावून ठेवले. निघताना पाय घातला की झालं. आईनं ते मागे वळून पाहिलं. जे केलं ते न दिसता करायचं असतं हे तिला माहीत आहे, त्यामुळे ती पाहायला शिकलेली आहे.

लावणारी बाई म्हणजे घरधनीण. अशा बाईला ओकामी म्हणतात, पुढे 'सान' लावून. साठीच्या पुढच्या, बुटक्या, चपळ, हाताच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी आईला पहिल्या मिनिटापासून 'ओकासान' म्हणायला सुरुवात केली. ओकासान म्हणजे आई. मी तसं सांगितलं तर आई म्हणाली, "माझ्याहून दोनेक वर्षांनीच लहान असेल. तिला सांग, ताई म्हण."

जपानीत त्याचं काही होईना. ओकासानच राहिलं.

खोली आठ तातामींची, म्हणजे आठ गवती चटया मावतील एवढी. मधे बुटकं मेज, थर्मास, दोन कप, दोन चौकोनी बशांत कांतेनचे पारदर्शक तुकडे आणि त्यावर लाल घेवड्याचा गोड लगदा. आईनं एक तुकडा तोंडात टाकला, जिभेवर फिरवला आणि निकाल दिला : "चायना ग्रास."

खरंच तेच. इझूच्या किनाऱ्यावर तेंगुसा नावाचं लालसर शेवाळ काढतात, वाळवून उकळतात, त्याचं हे बनतं. आमच्या घरी मे महिन्यात पाहुण्यांसाठी चायना ग्रासची खरवस-छाप वडी असते. नाव चायनाचं, मूळ शोध जपान्यांचा, आणि खाणारे पुण्याहून आलेले.

दाराजवळ भिंतीला एक टॉर्च अडकवलेला होता. आईनं सहज उचलला तर तो आपोआप पेटला. जागेवर ठेवला की विझतो. भूकंपात वीज गेली तर अंधारात बटण शोधायला लागू नये म्हणून. त्याच्या शेजारी नकाशा : त्सुनामीचा भोंगा झाला तर कुठल्या जिन्यानं वर पळायचं. आईनं टॉर्च तीनदा काढून तीनदा ठेवला. "हे आपल्याकडे पाहिजे," म्हणाली. मग जरा वेळानं, "आपल्याकडे टॉर्च पाहुणे घेऊन जातील."

आता आंघोळीबद्दल. यावर आमची आधीच दोनदा वादावादी झाली होती. ओन्सेनमध्ये, म्हणजे झऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात, अंगावर काहीही घालून उतरता येत नाही. बायकांचं कुंड वेगळं, पण म्हणून काय? "ह्या वयात मी चार अनोळखी बायकांसमोर...? तू जा. मी खोलीत बादली मागवून घेते." खोलीत बादली येत नाही हे मी सांगितलं नाही. लहान घरांची एक चांगली रीत असते : कुंड रिकामं असेल तर दारावरची लाकडी पाटी उलटी करायची, आतून कडी लावायची आणि अर्धा-पाऊण तास ते तुमचं. मी पाटी उलटी केली.

आत कपडे ठेवायच्या टोपल्या, आणि भिंतीवर चौकटीत बसवलेला एक कागद : बारीक अक्षरांत आकडेच आकडे. आईला वाटलं दरपत्रक. मी म्हटलं, पाण्याचा रिपोर्ट आहे. झऱ्याच्या तोंडाशी तापमान किती, सोडियम किती, क्लोराइड किती, सगळं लिहून टांगावं लागतं. "रक्त तपासतात तसं," आई म्हणाली. जपानात ओन्सेनचा कायदा १९४८ सालचा आहे, आणि त्यात व्याख्या अशी : जमिनीतून येणारं पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, किंवा ठरावीक द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात त्यात असेल, तर ते ओन्सेन. या हिशेबानं कोकणातल्या कितीतरी विहिरी कायदेशीर ओन्सेन ठरतील. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाटीवर लिहून टाकू का?

कुंडात उतरायच्या आधी बुटक्या पाटावर बसून, साबण लावून, डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ आंघोळ करायची. साबणाचा एक बुडबुडाही कुंडात जाता कामा नये. मग लाकडी तांब्यानं कुंडातलं पाणी अंगावर घेऊन अंगाला सवय करायची. मग उतरायचं.

"म्हणजे आंघोळ करून मग आंघोळीला जायचं."

"हो."

"आणि आंघोळ झाल्यावर?"

"काही नाही. पुसायचं. पाणी अंगावर राहू द्यायचं."

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मीही तिच्याकडे पाठ केली. लहानपणी ती मला न्हाणीत चुलीजवळ बसवून, घंगाळात बंबातलं पाणी विसणून आंघोळ घालायची. त्यानंतर आम्ही दोघींनी एकमेकींना असं पाहिलेलं नव्हतं. तीस वर्षं तरी झाली. मग तिनंच म्हटलं, "पाठ चोळ." मी चोळली. तिच्या पाठीवर ब्लाउजच्या रेषेखाली कातडी केवढी गोरी होती ते मला माहीतच नव्हतं. उजव्या हातावर मनगटापासून कोपराकडे गेलेला तो जुना डाग होता, मोदकपात्राच्या वाफेचा. तो मात्र माहीत होता. त्या वर्षी संकष्टीला चाळीस माणसं होती.

पाणी बेचाळीस अंशांच्या आसपास असावं. आई पायरीवर बसली, घोटे, मग गुडघे, मग एकदम "आई गं" म्हणत गळ्यापर्यंत. तिच्या वजनाचं पाणी काठावरून सांडून दगडांवर वाहत गेलं. तिला वाईट वाटलं. "वाया गेलं." मी सांगितलं की ते तसंच वाहतं ठेवतात, झऱ्याचं पाणी सतत आत येतं आणि काठावरून बाहेर जातं. तिनं ओठाला लागलेला थेंब चाटून पाहिला. "खारट आहे."

इनातोरीचं पाणी खारटच. मीठ कातडीवर पातळ थर धरतं आणि आतली ऊब लवकर सुटत नाही, म्हणून अशा पाण्यानंतर तासभर पाय थंड पडत नाहीत.

"उन्हवऱ्याचं पाणी असं नव्हतं," आई म्हणाली. "त्याला वास होता. गंधकाचा."

उन्हवरे आमच्या तालुक्यातच. आई सात-आठ वर्षांची असताना तिची आजी तिला खरजेसाठी तिथे घेऊन गेली होती. बायकांचं कुंड भिंतीआड, पाणी असं कढत की आधी साध्या पाण्यात कालवून घ्यायचं. आजी लुगड्यासकट उतरली होती. आईला आठवत होतं ते असं, की ओलं लुगडं आजीच्या अंगाला चिकटलं होतं आणि घरी येईपर्यंत ते वाळलंसुद्धा. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी पुष्कळ वेळा उन्हवऱ्याला गेलेय, तिच्याबरोबरच; पण तिथे कठड्याशी उभं राहून वाफ बघायची आणि परत यायचं.

कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. इझूची गोष्ट वेगळी. हा द्वीपकल्प एके काळी दक्षिणेकडे समुद्राच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखींचा समूह होता. फिलिपिन समुद्राच्या भूपट्टावर बसून तो उत्तरेला सरकत आला आणि साधारण सहा लाख वर्षांपूर्वी होन्शूला, जपानच्या मुख्य बेटाला, येऊन धडकला. अजून ढकलतोच आहे. २०१८मध्ये युनेस्कोनं या सगळ्या भागाला जागतिक भू-उद्यान म्हटलं. मी हे आईला कुंडात बसून सांगितलं, आपला भारतही असाच येऊन आशियाला धडकला तेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. "बरं," म्हणाली. "आता पाच मिनिटं गप्प बस."

पाच वाजता गावातल्या भोंग्यांवर एक सूर वाजला. आई दचकली. तिला त्सुनामी वाटली. पोरांना घरी बोलवायची वेळ झाली आणि भोंगे चालू आहेत, दोन्ही एकदमच कळावं म्हणून जपानी गावांत रोज असा सूर वाजवतात.

रात्रीचं जेवण खालच्या दालनात. त्या दिवशी आम्ही धरून नऊ पाहुणे होते. दोन म्हातारी जोडपी, एक तरुण जोडपं आणि कोपऱ्यात एकटाच बसलेला, गळ घेऊन आलेला माणूस. सगळे युकात्यात, म्हणजे साध्या सुती किमोनोत. युकाता नेसताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. आईचं पहिल्यांदा उलटं झालं होतं, ओकामी-सानांनी जिन्यातच थांबवून, खूप हसून, सुलटं करून दिलं. त्यांच्या हातावर, कोपराच्या खाली, तपकिरी डाग होता. आईनं तो पाहिला. काही बोलली नाही, नंतरसुद्धा.

आमच्यासमोर एकामागून एक येत गेलं. कच्च्या माशाचे काप : आईनं एकच खाल्ला, वासाबी जरा जास्त लावला आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, मासा चांगला आहे, चव वासाबीची लागली. मग किनमेदाइ. इनातोरी या माशासाठी ओळखलं जातं. तांबोशीसारखा लालभडक, डोळे मोठे आणि सोनेरी, खोल समुद्रातला. दोघींत एक अख्खा मासा, सोया, साके (तांदळाची दारू) आणि साखरेच्या गडद रसात शिजवलेला. आईनं डोळ्याजवळचं मांस आधी काढलं, तिथून ओळखायचं ताजा आहे का. ताजा होता. पण गोड.

"मासा आणि साखर?" ती हळूच म्हणाली. "चार आमसुलं पडली असती तर..."

तिच्या पर्समध्ये लसणीची चटणी होती हे मला माहीत होतं. ती काढू नकोस असं मी डोळ्यांनी सांगितलं. तिनं काढली नाही. पण गोड रस भातावर घालून तिनं सगळा संपवला, आणि काटे ताटलीच्या कडेला असे रचले की ओकामी-सान ते बघून थांबल्या. जपानात किनमेदाइचे काटे इतके साफ करणारा पाहुणा त्यांना रोज भेटत नसणार.

मग मला दिसलं की आई मोजते आहे. बोट मेजाखाली, ओठ हलताहेत.

"चौदा," ती म्हणाली.

"काय चौदा?"

"भांडी. एका माणसाची."

मी पाहिलं. काप ठेवलेली ताटली, सोयाची बशी, माशाची ताटली, वाफवलेल्या अंड्याचा झाकणाचा कप, लोणच्याची बशी, शेवाळाची वाटी, तळलेल्या भाज्यांची ताटली, तिच्या रसाची वाटी, छोट्या चुलीवरचं भांडं, भाताची वाटी, साराची वाटी, फळांची बशी, सुरुवातीच्या घासाची चिमुकली बशी आणि चहाचा कप. झाकणं वेगळी.

जपानी पाहुणचाराला ओमोतेनाशी असा एक शब्द आहे. पर्यटनाच्या जाहिरातींत तो उदबत्तीसारखा सगळीकडे लावलेला असतो : निरपेक्ष सेवा, पाहुण्याच्या मनातलं ओळखणं, वगैरे. मला तो ऐकला की जरा कंटाळा येतो. आपल्याकडच्या 'अतिथी देवो भव'नंही येतो. दोन्हींमध्ये भांडी कोण घासतं ते लिहिलेलं नसतं.

जेवून वर आलो तर मेज भिंतीला सरकवून फुतोन घातलेले होते. जाड गाद्या, वर पांढरी चादर, पायाशी दुमडलेली दुलई. आई दारातच उभी राहिली. आपलं अंथरूण दुसऱ्या कुणी घातलेलं तिनं हॉस्पिटलखेरीज कुठे पाहिलेलं नव्हतं. चादरीचा कोपरा उचलून तिनं गादीखाली कसा दुमडलाय ते पाहिलं. मग अगदी कडेला, कमीत कमी जागा सुरकुतेल अशी आडवी झाली.

आमची खोली स्वयंपाकघराच्या वर होती. नऊच्या सुमारास खालून आवाज सुरू झाला. पाण्याचा, मग वाट्यांचा. मी झोपेला आले होते. आई जागी होती.

"लाकडी वाट्या वेगळ्या धुते आहे," ती अंधारात म्हणाली. "आवाज बघ. चिनीमातीची झाली. आता लाखेची."

लाखेच्या वाट्या मशिनात चालत नाहीत, घासणीही चालत नाही. हातानं, मऊ कापडानं. हे मला माहीत होतं, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"एकटीच आहे."

"कशावरून?"

"दोन माणसं असली की धुणाऱ्याचा आणि पुसणाऱ्याचा आवाज वेगवेगळा येतो. ही धुते, थांबते, पुसते, परत धुते."

मग बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं झोपली. दहाच्या पुढे खाली एक मोठं भांडं पालथं घातल्याचा आवाज आला आणि पाणी बंद झालं. आई कुशीवर वळली. "झालं," म्हणाली, आणि दोन मिनिटांत घोरायला लागली.

पहाटे उठले तर शेजारचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं, आणि आई नाही. खाली मागच्या अंगणात दोघी होत्या. भाषा एकीला एकीची येत नव्हती. ओकामी-सान आजी नावाच्या माशांच्या जाळ्या बघत होत्या. आजी म्हणजे वीतभर लांबीचा, चकचकीत मासा. पोटाकडून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, आतलं काढायचं, धुवायचा, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि रात्रभर वाऱ्यावर. त्याला हिमोनो म्हणतात. आमच्याकडे बोंबील वलांडीवर दिवसेंदिवस कडकडीत होईस्तोवर वाळतो; हे लोक अर्धवट ओलं ठेवतात आणि सकाळी भाजतात. आई एका माशाच्या पाठीवरून बोट फिरवून बोटाचा वास घेत होती. मग तिनं हातानं खूण केली : मीठ किती? ओकामी-सानांनी पाण्याचं भांडं पुढे केलं. आईनं बोट बुडवून चाटलं. मान डोलावली. मला पाहून म्हणाली, "आपल्या खाऱ्याच्या निम्म्यानं."

घरातल्या म्हाताऱ्या सासूबाई, वय ८८, पडवीत बसून छोट्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. रेल्वे आल्यावर खोल्या द्यायला सुरुवात त्यांनी केली. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि टॉवेल घड्या घालायला लागली. ओकामी-सान धावत आल्या, नको नको, पाहुणे तुम्ही. आईनं माझ्याकडे बघितलं. "सांग तिला, मी बसले की माझी कंबर दुखते."

त्या सकाळी आम्ही सगळ्यांत शेवटी न्याहारीला बसलो, आणि बाकीचे उठून गेल्यावर ओकामी-सान चहा घेऊन आमच्याजवळ टेकल्या. ओशिमाकडे बोट करून त्यांनी १९८६ची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर महिना, त्यांचं लग्न होऊन वर्ष झालेलं. बेटावरचा मिहारा ज्वालामुखी फुटला, आणि याच खिडकीतून रात्री समुद्रापलीकडे आगीचा पडदा दिसत होता. बेटावरच्या दहा हजारांहून जास्त माणसांना एका रात्रीत बोटींनी बाहेर काढलं. महिनाभरानं ती परत गेली. "मी माहेरी फोन केला, की मला इथे राहायचं नाही," त्या हसत म्हणाल्या. "आईनं विचारलं, पाहुण्यांचं जेवण झालं का?"

मग आईनं ३ जून २०२०चं निसर्ग वादळ सांगितलं. पत्रे उडाले, मांडव विहिरीत पडला, वाडीतले माड मोडले, आणि पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर. मी भाषांतर करत होते आणि पोफळीपाशी अडले. सुपारीला जपानीत जो शब्द आहे तो ओकामी-सानांना माहीत नव्हता. 'बारीक माड' म्हटलं. "धरायला सहा-सात वर्षं लागतात," आई म्हणाली. हे भाषांतर न करताच त्यांना कळलं असावं, कारण आईनं हातानं जमिनीपासून रोपाची उंची दाखवली होती.

ओकामी-सानांचा मुलगा योकोहामात नोकरी करतो. सुट्ट्यांत येऊन भांडी घासून देतो, कायमचा यायचं बोलत नाही. माझा भाऊ पुण्यात. तोही सुट्टीत येतो, आंबे खायला. त्यावर दोघी एकाच वेळी हसल्या. मी फक्त 'आंबे' एवढंच भाषांतर केलं होतं.

न्याहारीच्या ताटात उमेबोशी होती, मीठ लावून मुरवलेलं लाल, सुरकुतलेलं, जिभेला झिणझिण्या आणणारं आंबट फळ. आईनं ती तोंडात धरून डोळे मिटले आणि वर जाऊन आमसुलांची पुडी घेऊन आली. ओकामी-सानांनी एक आमसूल चावून पाहिलं, चेहरा आक्रसला, मग परत चावलं. किनमेदाइत घालून बघा, असं आईनं मला तीनदा सांगायला लावलं.

दुपारच्या गाडीआधी गावात एक चक्कर मारली. मार्चच्या बाहुल्यांच्या सणासाठी इनातोरीत घराघरांत कापडी खेळण्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. महागड्या बाहुल्या न परवडणाऱ्यांनी जुन्या किमोनोंच्या चिंध्यांतून ससे, माकडं, पीच, कबुतरं शिवून नातीसाठी टांगायची, ही एदो काळापासूनची (१६०३ ते १८६८) रीत. एका कड्याला ११ खेळण्यांच्या पाच माळा. कडी दोन, म्हणजे ११० खेळणी. आईनं एका माकडाची शिवण उलटून बघितली. "आमच्या आजीच्या गोधडीचा टाका," म्हणाली. मी फोटो काढले, ते बरे आले नाहीत.

निघताना बिल आलं. त्यात १५० येन वेगळे लावलेले, आंघोळीचा कर, माणशी. आंघोळीवर कर घेतात हे आईला अजून पटलेलं नाही. स्टेशनाकडे वळणारी व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत ओकामी-सान आणि सासूबाई रस्त्यावर उभ्या राहून हात हलवत होत्या. अशी तिथली रीत आहे. आई मागच्या काचेतून बघत होती. "जा की आत," ती म्हणत होती. "अकराला नवीन चादरी घालायच्यात, जा."

गाडी कातासे-शिरातापाशी आली, परत पाण्याच्या कडेनं धावू लागली. आईच्या मांडीवर उमेबोशीचा डबा होता, आमसुलांच्या बदल्यात मिळालेला.

"आता सांग. किती घेतले?"

"माणशी साडेतेरा हजार येन. साडेसात-पावणेआठ हजार रुपये."

मला वाटलं, आता सफरचंदाचं निघणार. ती समुद्राकडे बघत होती. ओठ हलत होते.

"रात्रीची चौदा, सकाळची नऊ," ती म्हणाली. "तेवीस. नवांनी गुण."

"दोनशे सात."

"शिवाय झाकणं."

ती आणखी थोडा वेळ हिशेब करत राहिली.

"कमी घेते बाई ती," आई म्हणाली.